समुद्राकाठचा कातळ आणि आपल्या डोंगरातली भेग

डोंगराकडे आपण रोज पाहतो. सकाळी गुरे सोडताना पाहतो, पाऊस कुठवर आला हे बघायला पाहतो, संध्याकाळी ढोरे परतली नाहीत की पाहतो. पण रोज पाहिलेली गोष्ट नीट पाहिली जातेच असे नाही. घरातले पोर उंच झाले हे आईच्या लक्षात येत नाही. दिवाळीला मामा आला की त्याला ते पहिल्यांदा दिसते. डोंगराचेही तसेच आहे. म्हणून आज थोडे वेगळे लिहितो. आज खत नाही, बियाणे नाही. आज लिहितो एका दिवसाच्या सहलीवर, हरिहरेश्वरच्या खडकांवर आणि मोबाईलने काढलेल्या फोटोंवर. शेवटी ते तुमच्या घरामागच्या उतारापर्यंत येऊन पोचते, तेवढे वाचून मगच पान उलटा.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. कामानिमित्त माझे तिथे नेहमी जाणे असते. वाडीचे नाव मुद्दाम देत नाही. 'नाव पेपरात आलं की आमच्या पोरांना मुली द्यायला लोक कचरतात,' असे तिथल्या वहिनींनी मला बजावून ठेवले आहे. या वाडीत एका काकांच्या गोठ्यामागे, वरच्या बांधाला लागून एक भेग आहे. २०२१ च्या पावसानंतर ती सगळ्यांच्या नजरेत आली. तेव्हापासून वाडीत दोन तट पडले. एक तट म्हणतो, भेग वाढते आहे. दुसरा म्हणतो, आमच्या आज्याच्या वेळेपासून ती तशीच आहे, उगाच घाबरवू नका. दोन्ही बाजूंकडे पुरावा नाही. वाद मात्र दर पावसाळ्याला नव्याने उगवतो, गवतासारखा.

आधी तिथी, मग गाडी

दोन वर्षांपूर्वी पौष महिन्यात झोडणी आटोपली, कडधान्याची पेरणी झाली आणि चार दिवस मोकळे मिळाले. काही शेतकरी, गावचे पोलीस पाटील, ग्रामपंचायतीच्या एक सदस्या वहिनी, त्यांचा आठवीतला मुलगा, ते भेगवाले काका आणि मी, असे नऊ जण मिळून हरिहरेश्वरला जायचे ठरले. खात्याची सहल नव्हती. डिझेलला प्रत्येकाने वर्गणी काढली आणि निघालो.

दिवस ठरवताना काकांनी पंचांग मागितले. मुहूर्त पाहायला नव्हे, भरती पाहायला. काकांची बहीण श्रीवर्धनकडे दिलेली, त्यामुळे त्यांना खाडीचे गणित तोंडपाठ. हे गणित आपल्या घाटाकडच्या लोकांना फारसे ठाऊक नसते, म्हणून इथे सांगतो. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल तेवढ्या वाजता आपल्या किनाऱ्याला साधारण भरती असते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. दिवसात दोन भरत्या, त्यामुळे पहाटेचे तीन आणि दुपारचे तीन, असे दोन्ही धरायचे. भरतीनंतर सहा तासांच्या थोडे पुढे ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरतेही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढउतार कमी. हा ठोकताळा आहे, घड्याळ नव्हे. खडकावर उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचारायचेच.

आम्ही शुद्ध त्रयोदशी धरली. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे सकाळी पावणेदहाला भरती आणि दुपारी चारच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा जवळ, त्यामुळे पाणी चांगले खाली जाणार. सकाळी आठला महाड सोडले, माणगावला डावीकडे वळलो, म्हसळ्यावरून साडेदहाच्या सुमारास पोचलो. रीतीप्रमाणे आधी काळभैरवाचे आणि मग हरिहरेश्वराचे दर्शन घेतले. देवळामागून पायऱ्या चढून प्रदक्षिणेच्या वाटेला गेलो आणि जिथून वाट खाली समुद्राकडे उतरते तिथेच थांबलो. खाली वाट नव्हतीच. पाणी थेट कड्याला भिडत होते. लाट आपटली की पायाखालचा दगड हादरल्यासारखा वाटे.

मी वहिनींच्या मुलाला म्हटले, 'बाळा, इथे या पायरीवर उभा राहा, समोरचा तो टोकाचा दगड मधोमध धर आणि एक फोटो काढ. पायरी लक्षात ठेव.' त्याने काढला. 'साहेब, नुसतं पाणीच दिसतंय,' तो म्हणाला. 'असू दे, दुपारी बोलू,' मी म्हटले.

कातळात मधाचे पोळे

जेवणखाण करून अडीच वाजता परत त्याच पायरीवर आलो. पोराने तोच टोकाचा दगड मधोमध धरून दुसरा फोटो काढला. दोन्ही फोटो शेजारी धरून सगळ्यांना दाखवले. सकाळी जिथे फेसाळ पाणी होते, तिथे आता काळसर कातळाचा रुंद ओटा उघडा पडला होता. जागा तीच, पायरी तीच, मोबाईलही तोच. बदलले काय ते लहान पोरालाही सांगता येत होते. पोलीस पाटील म्हणाले, 'ह्याला म्हणायचा पंचनामा!'

खाली उतरलो. उतरताना दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून जावे लागते. बाहेर आले की एका हाताला उभा कडा, दुसऱ्या हाताला समुद्र आणि पायाखाली तो ओटा. हा ओटा लाटांनी कापलेला आहे. लाट कड्याच्या पायथ्याला आदळते, तिथे दगड पोखरला जातो, वरचा भाग आधार सुटून कोसळतो आणि कडा मागे सरतो. सरकत गेलेल्या कड्याच्या जागी हा सपाट ओटा उरतो. हजारो वर्षांचे काम आहे.

सगळ्यांची नजर खिळली ती कड्याच्या अंगावरच्या भोकांवर. बोटभर, मूठभर, कुठे कळशी मावेल एवढी. एकाला एक लागून, मधे पातळ भिंती, अगदी मधाच्या पोळ्यासारखी. 'कुणी कोरलंय हे?' एका दादांनी विचारले. कोरले आहे मिठाने. लाटेचे तुषार दगडावर उडतात, खारे पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरते. ऊन पडले की पाणी उडून जाते, मीठ मागे राहते आणि त्याचे खडे बनतात. खडा वाढताना जागा मागतो आणि दगडाचा कण ढकलून सुटा करतो. कण गळून पडतो, खळगा होतो. खळग्यात ओल जास्त टिकते, मग तिथेच जास्त मीठ धरते आणि खळगा आणखी खोल जातो. ज्यांची खाजण जमीन आहे त्यांना हे समजावून सांगायला लागले नाही. उन्हाळ्यात खाजणात पांढरी खार वर येते, तीच ही तऱ्हा. तिथे ती भाताची मुळे मारते, इथे ती दगड खाते.

आता हा दगड कोणता? तुमच्या-आमच्या डोंगराचाच सख्खा भाऊ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला, थरावर थर पसरत गेला आणि थंड होऊन बेसाल्ट म्हणजे आपला काळा कातळ बनला. महाबळेश्वर, प्रतापगड, रायगड सगळे याच थरांचे. पोलादपुरातून घाटाकडे पाहा, डोंगर जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसतात. एकेक पायरी म्हणजे एकेक थर. गोऱ्या अभ्यासकांनी या खडकाला 'ट्रॅप' नाव दिले, त्या शब्दाचा मूळ अर्थ जिना असाच आहे. दोन थरांच्या मधे काही ठिकाणी लाल, गेरूसारखा मऊ पट्टा असतो. विहीर खणताना तो लागला की विहिरीवाले ओळखतात. वरून मुरलेले पाणी मऊ थरावर आले की खाली जायला अडते आणि आडवे बाहेर पडते. आपल्या डोंगरातले बरेचसे झरे अशाच एखाद्या थराच्या तोंडाशी असतात.

गंधारपाल्याची लेणी याच कातळात खोदलेली आहेत आणि शतकानुशतके उभी आहेत. दगड इतका टणक, मग आपल्याकडे डोंगर कोसळतो कसा? हा प्रश्न काकांनी विचारला. त्याचे उत्तर त्यांच्याच खिशात होते.

बारा वर्षांपूर्वीचा फोटो

काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक छापील फोटो काढला. त्यांच्या मुलीच्या लग्नानंतर वैशाखात सगळे दर्शनाला आले होते, तेव्हा किनाऱ्यावरच्या फोटोग्राफरने काढलेला. मुलगी आणि जावई एका खडकाला टेकून उभे. खडकात चुलीच्या तोंडासारखा एक खळगा. बारा वर्षांपूर्वीचा फोटो. काका तो घेऊन आले होते, कारण तोच खडक शोधायचा होता.

कातळ संपून जिथे वाळू लागते तिथे तो सापडला. चुलीचे तोंड तसेच. मी फोटो हातात धरून खळगा खळग्याशी ताडून पाहू लागलो. वरचा मोठा, त्याखाली तीन लहान, डावीकडे एक लांबट. सगळे जागच्या जागी. बारा वर्षे समुद्राने रोज दोनदा धडका दिल्या, पण फोटोत दिसावा एवढा फरक त्या दगडात पडला नव्हता. फरक होता तो खाली. फोटोत जावयाचे पाय वाळूत होते आणि वाळू खडकाच्या कमरेला लागली होती. आता खडकाचा पाय गुडघाभर उघडा होता.

काका थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'साहेब, कातळ हाय तिथंच हाय. गेली ती वाळू.'

मंडळी, मी पदविकेच्या अभ्यासक्रमात मृदा आणि खडक शिकलो, पण दरड म्हणजे काय हे मला एका वाक्यात कुणी सांगितले असेल तर ते काकांनी. आपल्याकडे दरड येते तेव्हा बहुतेक वेळा टणक कातळ फुटून येत नाही. कातळावर बसलेली माती, मुरूम आणि सुटे धोंडे येतात. कातळाचा उतार म्हणजे तिरके ठेवलेले पाट, त्यावर मातीचा थर म्हणजे ओला पिठाचा गोळा. पाणी मुरत मुरत कातळापर्यंत जाते, तिथे अडते, माती जड होते आणि तिची पकड सुटते. मग ती एका दमात खाली येते आणि वाटेतले झाड, गोठा, घर घेऊन येते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. काकांचा फोटो वैशाखातला, आमचा पौषातला. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि पुढच्या कोरड्या महिन्यांत ती हळूहळू परत येते. त्यामुळे या दोन फोटोंवरून 'वाळू कायमची गेली' असे म्हणता येणार नाही. तसे म्हणायचे तर पुन्हा वैशाखात येऊन फोटो काढावा लागेल. तुलना करायची तर हंगाम तोच हवा. भाताचे उत्पन्न खरिपाचे खरिपाशीच ताडायचे, उन्हाळी भाताशी नाही, तसेच हे.

साडेचारला पाणी परतीच्या वाटेवर लागले तसे आम्ही वर आलो. हरिहरेश्वरच्या या खडकांवरून लाटेने माणसे ओढून नेल्याच्या घटना झालेल्या आहेत. फोटोच्या नादात समुद्राकडे पाठ करू नये, शेवाळलेल्या दगडावर पाय देऊ नये आणि 'अजून एक' म्हणून थांबू नये. निघण्यापूर्वी दक्षिणेला पाहिले. तिथे बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी आपली सावित्री समुद्राला मिळते. महाबळेश्वरला उगम, पोलादपूर, महाड, दासगाव करत ती इथे येते. वहिनी म्हणाल्या, 'म्हणजे आमच्या बांधाची माती शेवटी इथं येते म्हणायची.' येतेच. फक्त ती थोडी थोडी येते की एका रात्रीत येते, एवढाच प्रश्न असतो.

तारखा विसरू नका

हे सगळे कशासाठी सांगतो ते आता उघड सांगतो. २५ आणि २६ जुलै २००५ च्या पावसात आपल्या महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी आल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातले माळीण गेले. २२ जुलै २०२१ ला तळीयेची कोंडाळकरवाडी गेली, ऐंशीहून अधिक माणसे तिथे दगावली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली, आणि महाड शहर पाण्याखाली गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली.

तारखा पाहा. सगळ्या जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या. जून आणि अर्धा जुलै पाऊस पिऊन माती तोवर तुडुंब झालेली असते. त्यावर दोन-तीन दिवस ढगफुटीसारखा पाऊस पडला की तिला आणखी पाणी धरवत नाही. २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या रात्रीची आठवण ज्याला आहे, त्याला मी आणखी काय सांगावे!

गोठ्यामागची भेग

सहलीहून परतल्यावर आठवडाभरात काकांचा निरोप आला, 'या, भेगेचा फोटो काढायचाय.' गेलो. भेगेच्या वरच्या आणि खालच्या अंगाला ऐनाच्या दोन मजबूत खुंट्या ठोकल्या. प्रत्येक खुंटीच्या डोक्यात एक खिळा. खिळ्यापासून खिळ्यापर्यंत टेपने मोजले, दोन फूट तीन इंच भरले. टेप लावलेला तसाच ठेवून फोटो काढला. जिथे उभे राहून काढला तिथे एक दगड चुन्याने रंगवून ठेवला. शाळेच्या वहीत तारीख, माप आणि काढणाऱ्याचे नाव लिहिले. हे काम पुढे वहिनींच्या मुलाकडे दिले. आठवीतल्या पोराला जबाबदारी दिली की ते मोठ्यांपेक्षा नेटाने करते, हा माझा अनुभव आहे.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, माप तेच. दुसरा तट खूश. मे अखेरीस माप तेच. मृगाचा पाऊस झाला, तरी तेच. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सलग चार दिवस पाऊस झाला. उघडीप मिळाल्यावर पोराने मोजले तर दोन फूट चार इंच. त्याला वाटले आपलेच चुकले, म्हणून वडिलांना बोलावून पुन्हा मोजले. पुन्हा तेच. आठवड्याने साडेचार इंच. जानेवारीच्या फोटोत बांधाचा गडगा एकसंध होता, आताच्या फोटोत त्याच्या दोन दगडांमधे हात जाईल एवढी फट. वर फणसाचे झाड, जानेवारीत गोठ्याच्या कोपऱ्याशी सरळ रेषेत, आता थोडे खाली झुकलेले.

दोन्ही तट एका ओटीवर बसले आणि वही आणि फोटो फिरले. त्या दिवशी प्रथमच वाद झाला नाही. ग्रामपंचायतीने ठराव केला, फोटोंच्या छापील प्रती आणि मापांचा तक्ता जोडून तहसील कार्यालयाला पत्र गेले, पाहणी झाली. भेगेखालच्या तीन घरांनी मुसळधार पावसात तिथे झोपू नये असे ठरले. ओढ्यापलीकडे सपाटीला असलेल्या शाळेत त्या तीन घरांनी जुलै-ऑगस्टात मिळून अकरा रात्री काढल्या. गोठा काकांनी हलवला. म्हशीला नवी जागा मानवेना, दूध आटले, काकांनी मलाही चार शब्द सुनावले.

त्या वर्षी दरड आली नाही. मोजमाप साडेचार इंचांवर थांबले. दसऱ्याला एक जण बोललाच, 'उगाच अकरा रात्री पोरंबाळं शाळेत निजवली.' काका म्हणाले, 'दवाखान्यात तपासून आलो आणि काही निघालं नाही, म्हणून डॉक्टरशी कोण भांडतं का रे?' यावर कुणी काही बोलले नाही. खुंट्या अजून तिथेच आहेत. वही दुसऱ्या भागावर गेली आहे.

फोटो कसा काढावा

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढणे आपल्याला नवे राहिलेले नाही. तीच सवय डोंगराकडे वळवायची. नियम थोडे आहेत.

जागा तीच ठेवा. उभे राहायच्या जागी दगडाची किंवा खुंटीची खूण करा आणि दर वेळी तोच खांब किंवा तोच दगड मधोमध धरा. मोबाईल छातीच्या उंचीवर धरायचा ठरवला तर दर वेळी छातीच्याच उंचीवर.

माप दिसू द्या. नुसत्या भेगेच्या फोटोवरून ती दोन इंचांची की दोन फुटांची हे साहेबाला कळत नाही. शेजारी टेप, कोयता किंवा खुणा केलेली काठी ठेवा.

तीन फोटो काढा. एक लांबून, त्यात घर आणि उतार दोन्ही यावेत. एक मधून. एक जवळून, मापासकट. फक्त जवळचा काढला तर ती भेग कुठली हेच सिद्ध होत नाही.

तिरपे ऊन साधा. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर. डोक्यावरच्या उन्हात सावली पडत नाही आणि भेग, खळगा, उंचवटा सपाट दिसतो. हरिहरेश्वरचे पोळे आम्हाला उठून दिसले ते दुपार कलल्यावरच.

वर्षातून निदान चार वेळा काढा. माघात, मृगापूर्वी, आषाढात उघडीप मिळेल तेव्हा आणि दसऱ्याला. यंदाचा दसरा गेल्या दसऱ्याशी ताडायचा.

कागदावर उतरवा. २०२१ च्या पुरात महाडमध्ये कपाटेच्या कपाटे भिजली आणि मोबाईलही गेले. फोटोची एक छापील प्रत ग्रामपंचायतीत, एक गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे आणि फोटो दोन-तीन जणांच्या मोबाईलवर असू द्यावेत.

भेगेशिवाय आणखी काय टिपायचे? वाकलेली झाडे आणि विजेचे खांब, तडे गेलेली जोती आणि भिंती, अडकायला लागलेली दारे, नव्याने फुटलेला झरा किंवा अचानक आटलेला जुना झरा, बांधाचे फुगलेले पोट. यातली एकच खूण दिसली तर लगेच घाबरू नये, पण दोन-तीन एकत्र दिसल्या तर पत्र लिहायला उशीर करू नये.

पाणी कुठे जिरवायचे, कुठे वळवायचे

आता माझ्या खात्याच्या माणसांना थोडे न आवडणारे लिहितो, पण ते खरे आहे. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आणि वरकस माळावर, लांबच्या उतारावर ते योग्यच आहे. पण वस्तीच्या डोक्यावर तीव्र उतार असेल, मातीचा थर जाड असेल आणि त्यात भेग असेल, तर तिथे पाणी जिरवू नये. तिथे ते वळवावे. वस्तीच्या वरच्या अंगाला चर काढून पाणी बाजूच्या नैसर्गिक ओढ्यात सोडावे आणि तो चर पावसाआधी साफ ठेवावा. भेगेत चिकणमाती ठासून भरावी आणि तोंड बुजवावे, म्हणजे पावसाचे पाणी थेट आत शिरणार नाही. घराच्या वर उतार यंत्राने कापून नवी खाचरे पाडू नयेत, डोंगराचा पाय खणून अंगण वाढवू नये. उतारावरची मोठी झाडे तोडून दळी लावू नये. नाचणी-वरीचे चार पायली धान्य त्या जागेतून कमी आले तर चालेल.

ग्रामपंचायतीचे अधिकारी, गावचे महसूल अधिकारी आणि पोलीस पाटील यांनाही विनंती आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसे येतात, पाहून जातात, त्यांना एकच दिवस दिसतो. तुमच्या गावाला रोजचा दिवस दिसतो. मृगापूर्वीच्या ग्रामसभेत एक विषय घ्या, गेल्या वर्षीचे आणि यंदाचे फोटो शेजारी मांडा. त्यात तासाभराहून जास्त वेळ जात नाही.

मोबाईल ठेवून पळावे

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हे सगळे काम उघडिपीचे आहे. कोसळत्या पावसात भेग बघायला कुणी जाऊ नये, पोराला तर मुळीच पाठवू नये. झऱ्याचे स्वच्छ पाणी अचानक लाल गढूळ झाले, ओढ्याचे पाणी पावसात एकाएकी कमी झाले, वरून धोंडे गडगडू लागले, जमिनीतून गुरगुर ऐकू आली, तर फोटो काढत उभे राहू नये. माणसे बाहेर काढावीत, गुरांचे दावे कापावे आणि दरडीच्या वाटेतून बाजूला, सपाटीला जावे. ओढ्याच्या पात्रातून खाली पळू नये, दरड तीच वाट धरते. सुरक्षित जागी पोचल्यावर ११२ किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ लावावा. हरिहरेश्वरला आम्ही साडेचारला वर आलो तसेच हे, पाणी फिरले की तिथून निघायचे.

येत्या माघात सवड काढा आणि एकदा हरिहरेश्वरला जा. तिथी बघून जा. पायरीवर उभे राहून सकाळी एक आणि दुपारी एक फोटो काढा. पोरांना ते पोळे दाखवा, मिठाची गोष्ट सांगा. आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी टेप आणि दोन खुंट्या घेऊन गोठ्यामागे जा.